तोच आकडा पुन्हा टाइप कशाला?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याच्या ऑफिसात डोकावलं, तर एक काम हमखास चाललेलं दिसतं. टॅलीमधून येणे बाकीची यादी छापून टेबलावर ठेवलेली असते आणि अकाउंट्स पाहणारी व्यक्ती पट्टी खाली सरकवत तेच आकडे एक्सेलमध्ये टाइप करत असते. मालकांना यादी त्यांच्या पद्धतीने हवी असते, बँकेला स्टॉक स्टेटमेंट तिच्या नमुन्यात हवं असतं, सीएला आणखी तिसरंच काही. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षाच्या हंगामात पॅकहाउसमध्ये वेगळं काही नसतं. वजनकाट्याजवळच्या संगणकावर नोंदलेली आवक संध्याकाळी ऑफिसातल्या संगणकावर दुसऱ्यांदा नोंदली जाते.

ही मेहनत वाया जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्यातून चुका शिरतात. टाइप करताना ८९ चे ९८ होतात आणि महिनाभर ताळा लागत नाही. आकडा एकदा संगणकात शिरला की दुसऱ्या प्रोग्रामने तो तिथूनच उचलावा, ही सोय विंडोजमध्ये तीन दशकांहून अधिक काळ आहे. तिचं नाव ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी, म्हणजे ओडीबीसी. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. तरीही बहुतेक छोट्या ऑफिसांत ती वापरली जात नाही, कारण पहिल्याच प्रयत्नात लाल रंगाचा एखादा अगम्य संदेश येतो आणि माणूस नाद सोडतो. तो संदेश का येतो आणि जोडणी नीट कशी बसवायची, हे इथे सांगायचं आहे.

आधी थोडा इतिहास, कारण रचना त्यातूनच उलगडते. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपात साठवण्याची कल्पना मांडली आणि तिच्यातून पुढे एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा आली. ऑरॅकल, आयबीएम, सायबेस अशा अनेकांनी आपापले डेटाबेस बाजारात आणले. भाषा बरीचशी सारखी होती, पण डेटाबेसपर्यंत पोहोचण्याची पद्धत प्रत्येकाची निराळी. म्हणजे हिशेबाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला प्रत्येक डेटाबेससाठी त्याची वेगळी आवृत्ती लिहावी लागे. अशा काही कंपन्यांनी एकत्र येऊन १९८९ मध्ये एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप नावाचा गट केला आणि सर्वांना चालेल अशी एक जोडणीची पद्धत ठरवायला घेतली. त्या कामाच्या आधारावर मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसीची पहिली आवृत्ती आणली. १९९५ मध्ये याच घराण्यातली पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणूनही स्वीकारली गेली.

रचना अशी आहे. एका टोकाला माहिती मागणारा प्रोग्राम, समजा एक्सेल. दुसऱ्या टोकाला माहिती राखणारा डेटाबेस. मध्ये दोन थर. पहिला ड्रायव्हर मॅनेजर, तो विंडोजचाच भाग असतो. दुसरा त्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर, तो डेटाबेस बनवणारी कंपनी देते. एक्सेल आपली मागणी ठरलेल्या एकाच पद्धतीने ड्रायव्हर मॅनेजरकडे देतो. मॅनेजर योग्य ड्रायव्हर उघडतो आणि ड्रायव्हर ती मागणी आपल्या डेटाबेसला समजेल अशा रूपात पुढे नेतो. उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. एक्सेलला पलीकडे मायएसक्यूएल आहे, एसक्यूएल सर्व्हर आहे की टॅली, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता कोणता ड्रायव्हर, कोणता संगणक, कोणता डेटाबेस, ही माहिती दर वेळी सांगत बसू नये म्हणून ती एका नावाखाली साठवून ठेवतात. हे नाव म्हणजे डेटा सोर्स नेम, डीएसएन. मोबाइलमध्ये नंबर नावाने जतन करतो तसंच हे. नावावर बोट ठेवलं की मागचा सगळा तपशील यंत्र स्वतः पाहतं, आणि नंबर बदलला तर एकाच जागी दुरुस्ती करावी लागते.

नाशिकच्या वाचकाने हे शिकायला सुरुवात टॅलीपासून करावी असं मला मनापासून वाटतं. कारण टॅली आधीच ऑफिसात आहे. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी १९८६ मध्ये बंगळूरमध्ये सुरू केलेल्या या उद्योगाचं सॉफ्टवेअर आज गावोगावच्या दुकानांत आणि कारखान्यांत चालतं. पण टॅली स्वतः ओडीबीसी सर्व्हर म्हणून काम करू शकतं, हे रोज टॅली वापरणाऱ्या कितीतरी जणांच्या कानावर आलेलं नसतं.

टॅलीप्राइममध्ये मदतीच्या मेनूतून, म्हणजे एफ१ दाबून, सेटिंग्जमध्ये जावं आणि कनेक्टिव्हिटी निवडावी. तिथे क्लायंट-सर्व्हर जोडणीच्या भागात टॅलीने कोणती भूमिका घ्यायची हे विचारलेलं असतं: क्लायंट, सर्व्हर, दोन्ही की काहीच नाही. ‘दोन्ही’ निवडावं, ओडीबीसी चालू करावं आणि पोर्ट, म्हणजे जोडणी ज्या दारातून आत येते त्याचा क्रमांक, ९००० तसाच ठेवावा. टॅली बंद करून पुन्हा उघडलं की बदल लागू होतो. जुन्या टॅली ईआरपी ९ मध्ये हीच गोष्ट एफ१२ च्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रगत पर्यायांखाली होती.

मग एक्सेल उघडावं. डेटा टॅबमध्ये बाहेरून माहिती आणण्याच्या पर्यायांत ओडीबीसी निवडलं की डीएसएनची यादी दिसते. तिच्यात टॅलीओडीबीसी६४_९००० असं एक नाव तयारच सापडतं. ते टॅलीनेच बनवलेलं असतं, शेवटचा ९००० हा पोर्ट. ते निवडलं की लेजर, स्टॉक आयटम, कंपनी असे तक्ते समोर येतात. लेजरमधून नाव आणि अखेरची शिल्लक हे दोन रकाने घेतले की सगळ्या खात्यांची यादी काही क्षणांत एक्सेलमध्ये उतरते. टॅलीत रकान्यांच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह असतं, त्याने बिचकायचं कारण नाही. पुढच्या महिन्यात हे काहीच पुन्हा करावं लागत नाही. तीच फाइल उघडून ‘रिफ्रेश ऑल’ दाबलं की ताजे आकडे येतात. मालकांचा नमुना, बँकेचा नमुना हे सगळं त्याच फाइलच्या दुसऱ्या पानांवर सूत्रांनी एकदा बांधून ठेवावं.

दोन अटी मात्र आहेत. त्या वेळी टॅली उघडलेलं असलं पाहिजे आणि हवी ती कंपनी लोड केलेली असली पाहिजे. टॅली बंद असेल तर ९००० या पोर्टवर उत्तर द्यायला कोणीच बसलेलं नसतं आणि एक्सेल तक्रार करतं. दोन कंपन्या लोड असतील तर सध्या निवडलेली कोणती आहे, हे पाहून मगच रिफ्रेश करावं. नाहीतर भावाच्या फर्मची येणी आपल्या यादीत यायची.

या उदाहरणात एक मोठा समज आपोआप गळून पडतो. सर्व्हर म्हटलं की एसी खोलीतलं महागडं यंत्र डोळ्यांसमोर येतं. इथे एकाच टेबलावरच्या एकाच संगणकात टॅली सर्व्हर आहे आणि एक्सेल क्लायंट. सर्व्हर ही भूमिका आहे: जो माहिती राखतो आणि विचारल्यावर देतो तो सर्व्हर, जो विचारतो तो क्लायंट. टॅली तर दुसऱ्या बाजूनेही काम करू शकतं. त्याच्या टीडीएल या भाषेत थोडं लिहिलं की ते क्लायंट होऊन बाहेरच्या डेटाबेसमधली माहिती आत वाचतं. म्हणून सेटिंगमध्ये ‘दोन्ही’ हा पर्याय आहे.

खरी परीक्षा असते ती माहिती एका संगणकावर आणि विचारणारे चार-पाच दुसऱ्या संगणकांवर असतात तेव्हा. हार्डवेअरवाले ज्याला सर्व्हर आणि नोड म्हणतात, ते हे. इथे द्राक्षाच्या पॅकहाउसचं उदाहरण घेऊ, कारण तिथे आकडा चुकण्याची किंमत मोठी आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या खोक्यापासून थेट नोंदणीकृत प्लॉटपर्यंत माग काढता यावा म्हणून शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाने ग्रेपनेट ही प्रणाली उभी केली. प्लॉटची नोंदणी, रासायनिक अवशेषांची तपासणी, पॅकिंग, प्रमाणपत्रं हे सगळं तिच्यात एका साखळीत येतं. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र अवशेष तपासणीच्या या व्यवस्थेत राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचं काम करत आलं आहे. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडकली, तो फटका नाशिकचे बागायतदार विसरलेले नाहीत. अशा व्यवहारात प्लॉटचा क्रमांक चार ठिकाणी चार जणांनी टाइप करणं म्हणजे नसती जोखीम. तो आवक घेताना एकदाच नोंदला जावा आणि वजन, पॅकिंग, बिल या सगळ्यांनी तिथूनच वाचावा.

समजा, पॅकहाउसमधल्या एका संगणकावर मायक्रोसॉफ्टचा फुकट मिळणारा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस आहे. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत त्याच्या प्रत्येक डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, ती एका पॅकहाउसला सहज पुरते. बहुतेक लोक इथे एक चूक करतात. नोडवर जाऊन डीएसएन बनवायला बसतात, जोडणी होत नाही, मग नोडवरच तासभर डोकं खपवतात. दोष मात्र सर्व्हरवर असतो. म्हणून क्रम पक्का धरावा: आधी सर्व्हर, मग वाट, शेवटी क्लायंट.

सर्व्हरवर पहिली गोष्ट: एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस नव्याने बसवलं की नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या ते घेतच नाही. टीसीपी-आयपी हा मार्ग मुळातच बंद ठेवलेला असतो, सुरक्षेसाठी. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर नावाचं साधन उघडून तो चालू करावा लागतो. दुसरी गोष्ट पोर्टची. एसक्यूएल सर्व्हरचा परिचित पोर्ट १४३३, पण एक्सप्रेसची प्रत वेगळ्या नावाने बसते आणि पोर्ट आपल्या मर्जीने निवडते. सेवा पुन्हा सुरू झाल्यावर तो बदलूही शकतो. त्याच साधनात सगळ्या पत्त्यांसाठीच्या शेवटच्या रकान्यात बदलत्या पोर्टची जागा रिकामी करून निश्चित पोर्ट म्हणून १४३३ लिहावा आणि सेवा पुन्हा सुरू करावी. तिसरी गोष्ट लॉगिनची. विंडोजच्या खात्यांबरोबर एसक्यूएल सर्व्हरची स्वतःची लॉगिनंही चालतील असा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर योग्य नाव आणि पासवर्ड देऊनही दार उघडत नाही.

मायएसक्यूएल असेल तर गोष्टी थोड्या निराळ्या. उबुंटूवर बसवलेलं मायएसक्यूएल फक्त स्वतःच्याच संगणकाचं ऐकतं. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१ असा असतो, तो बदलावा लागतो. शिवाय मायएसक्यूएलमध्ये वापरकर्ता नुसत्या नावाने ओळखला जात नाही, तो कुठून आला हेही पाहिलं जातं. सर्व्हरवर बसून चालणारं लॉगिन नोडवरून नाकारलं जातं ते यामुळेच. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ऐकण्याचा पत्ता एका फाइलमध्ये आणि कोणाला कुठून येऊ द्यायचं हे पीजी_एचबीए नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये असतं. पोर्ट मायएसक्यूएलचा ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलचा ५४३२, ऑरॅकलचा १५२१.

आता वाट. सर्व्हरच्या संगणकावर विंडोजचा फायरवॉल असतो आणि तो बाहेरून येणारी जोडणी अडवतो. १४३३ साठी आत येण्याचा नियम करावा लागतो, आणि तो फक्त आपल्या ऑफिसच्या नेटवर्कपुरता करावा. नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं आहे की ‘प्रायव्हेट’, हेही तपासावं, कारण नियम एकाला लावलेला आणि नेटवर्क दुसरं, असं फार होतं.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे लाइट जाणं. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की तो संगणकांना पत्ते नव्याने वाटू शकतो. काल १९२.१६८.१.१० वर असलेला सर्व्हर आज १९२.१६८.१.१४ वर असतो, आणि सगळे नोड जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतात. कोणी काही बदललेलं नसताना सकाळी अचानक सगळं बंद, अशी तक्रार आली की मी आधी हेच पाहायला सांगतो. उपाय साधा आहे. राउटरमध्ये सर्व्हरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा.

वाट मोकळी आहे का, हे तपासायला बरेच जण पिंग करतात. पिंगला उत्तर आलं तर संगणक जागा आहे एवढंच कळतं, पोर्ट उघडा आहे की नाही ते कळत नाही. उलट विंडोजचा फायरवॉल पिंग अडवत असेल तर उत्तर न येताही डेटाबेस व्यवस्थित मिळू शकतो. त्यापेक्षा नोडवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट देऊन चालवावी. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर वाट मोकळी, ‘फॉल्स’ आलं तर डीएसएनला हात लावण्यात अर्थ नाही. पुन्हा सर्व्हरकडे जावं.

इतकं झाल्यावरच क्लायंटकडे वळायचं. नोडवर आधी योग्य ड्रायव्हर बसवावा. विंडोजबरोबर ‘एसक्यूएल सर्व्हर’ नावाचा एक जुना ड्रायव्हर येतोच. तो चालतो, पण नव्या कामासाठी मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर १७ किंवा १८ घ्यावा. २०२२ मध्ये आलेला १८ वा ड्रायव्हर संवाद सांकेतिक करण्याचा आग्रह धरतो आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र विश्वासार्ह आहे का, ते तपासतो. छोट्या ऑफिसातल्या सर्व्हरकडे असं प्रमाणपत्र नसतं, म्हणून जोडणी तुटते आणि प्रमाणपत्राबद्दलचा संदेश येतो. आतल्या नेटवर्कपुरतं ‘सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवा’ हा पर्याय निवडून काम भागतं. शाखा दुसऱ्या गावी असेल तर रीतसर प्रमाणपत्र बसवावं.

मग ओडीबीसी डेटा सोर्सेस उघडून डीएसएन बनवायचा. इथे एक बारीक खोच आहे: सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट यांच्यामध्ये एसक्यूएल सर्व्हरला स्वल्पविराम लागतो. सवयीने अपूर्णविराम दिला की जोडणी होत नाही आणि कारण लवकर सापडत नाही. सगळं भरून झालं की शेवटी चाचणीचं बटण दाबावं.

डीएसएनचे तीन प्रकार आहेत. यूजर डीएसएन फक्त तो बनवणाऱ्याच्या विंडोज खात्याला दिसतो. सिस्टिम डीएसएन त्या संगणकावरच्या सगळ्या खात्यांना आणि आपोआप चालणाऱ्या सेवांनाही दिसतो. फाइल डीएसएन ही एक साधी फाइल असते, ती इकडून तिकडे नेता येते. ऑफिसात सिस्टिम डीएसएनच बनवावा. रात्री आपोआप तयार होणारा अहवाल दिवसा हाताने चालवला तर चालतो आणि रात्री पडतो, याचं नेहमीचं कारण म्हणजे डीएसएन एका खात्यात आणि रात्रीचं काम दुसऱ्या खात्यात.

आता सगळ्यात जास्त लोकांना छळणारी गोष्ट. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ओडीबीसीची दोन दालनं असतात, एक ६४ बिटच्या प्रोग्रामांसाठी, दुसरं ३२ बिटच्या. सिस्टिम डीएसएन ज्या दालनात बनवला त्याच दालनातल्या प्रोग्रामांना तो दिसतो. एक्सेल ३२ बिटचं असेल आणि डीएसएन ६४ च्या दालनात, तर एक्सेलच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही. यात भर म्हणजे दोन्ही दालनं उघडणाऱ्या फाइलचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२. त्यातली ६४ बिटची फाइल सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये आणि ३२ बिटची सिसवाऊ६४ मध्ये. नावं पाहून कोणीही उलटंच समजेल. विंडोज ८ पासून मेनूमध्ये दोन्हींपुढे ३२ आणि ६४ स्पष्ट लिहिलेलं असतं, ती नावं वाचून उघडावं. आपलं एक्सेल कोणतं हे फाइल मेनूतल्या अकाउंटमध्ये ‘अबाउट’ दाबलं की दिसतं. २०१९ पासूनचं ऑफिस मुळात ६४ बिटचं बसतं. त्याआधीचं बहुधा ३२.

या चुकांचे संदेश ओळखता आले की निम्मं काम होतं. आयएम००२ म्हणजे त्या नावाचा डीएसएन सापडलाच नाही: नाव चुकलं, खातं वेगळं किंवा दालन वेगळं. आयएम०१४ म्हणजे ३२ आणि ६४ ची गाठ पडली नाही. ०८००१ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचताच आलं नाही, तेव्हा पत्ता, पोर्ट आणि फायरवॉल पाहावेत. २८००० म्हणजे पोहोचलो, पण लॉगिन नाकारलं गेलं. संदेशाचा हा छोटा कोड फोनवर मेंटेनन्सवाल्याला सांगितला, तर त्याचा अर्धा दिवस आणि आपली एक फेरी वाचते. ‘एरर येतोय’ एवढ्याने त्याला काहीच कळत नाही.

लिनक्सवर ड्रायव्हर मॅनेजरचं काम युनिक्सओडीबीसी करतं. ड्रायव्हरची माहिती ओडीबीसीइन्स्ट नावाच्या फाइलमध्ये, डीएसएन ओडीबीसी नावाच्या फाइलमध्ये, आणि चाचणीसाठी आयएसक्यूएल ही आज्ञा. तत्त्व तेच.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं, आणि इंग्रजी पुस्तिकांत ती फारशी सापडत नाही. शेतकऱ्याचं नाव सर्व्हरवर देवनागरीत नीट दिसतं आणि एक्सेलमध्ये आलं की त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ येते. याचं कारण युनिकोड. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘नाशिक’ या शब्दात मात्रांसह पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. वाटेतला एखादा दुवा एका बाइटचं एक अक्षर असंच समजत असेल, तर त्याला न समजलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो. मायएसक्यूएलचा ओडीबीसी ड्रायव्हर दोन रूपांत मिळतो, युनिकोड आणि एएनएसआय. मराठीसाठी युनिकोडचाच घ्यावा आणि तक्ते युटीएफ८एमबी४ मध्ये असावेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना ‘एनव्हारचार’ प्रकारचा असावा.

यात एक फरक पक्का लक्षात ठेवावा. माहिती बाहेर येताना प्रश्नचिन्हं झाली असतील तर सेटिंग सुधारल्यावर अक्षरं परत दिसतात. पण आत जातानाच प्रश्नचिन्हं झाली असतील, तर डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हंच साठलेली असतात आणि मूळ नाव कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. म्हणून नवी जोडणी झाली की पहिली चाचणी मराठी नाव टाकून, परत वाचून करावी. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्यांचं दुखणं आणखी वेगळं. तिथे पडद्यावर मराठी दिसत असलं तरी आत साठलेले कोड देवनागरीचे नसतात. त्या याद्या आधी युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय डेटाबेसला जोडू नयेत.

तारखांचंही असंच. ०५/०३ ही आपल्याकडे ५ मार्च, अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर ३ मे. द्राक्षाचा हंगाम ३१ मार्चला ओलांडून जातो, त्यामुळे अशी एक तारीख आर्थिक वर्षच बदलून टाकते. प्रश्नात तारीख देताना वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी.

सुरक्षेबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो. अनेक ठिकाणी सगळ्या नोडवर ‘एसए’ हे एसक्यूएल सर्व्हरचं सर्वाधिकार असलेलं लॉगिनच टाकलेलं असतं, कारण त्याने सगळं लगेच चालतं. एक्सेलच्या फाइलमध्ये पासवर्ड जतन केला तर तो तिथे उघडाच राहतो. ती फाइल कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवली की पूर्ण डेटाबेसची किल्ली गेली. अहवालांसाठी वेगळं लॉगिन करावं आणि त्याला फक्त वाचण्याचा अधिकार द्यावा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी डीबी_डेटारीडर ही तयार भूमिका आहे, मायएसक्यूएलमध्ये फक्त ‘सिलेक्ट’चा हक्क द्यावा. मग एक्सेलमधून चुकून काही पुसलं जाण्याची भीती राहत नाही. त्या लॉगिनने हवे तेवढेच रकाने आणि हव्या त्या तारखाच मागाव्यात. भर हंगामात अख्खा तक्ता ओढणारी फाइल वजनकाट्याचं कामही मंद करते.

घरून अहवाल पाहता यावा म्हणून राउटरमधून १४३३ थेट इंटरनेटला उघडून देणं हे तर कधीच करू नये. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाच्या संगणकी किड्याने (वर्म) एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ या सोबतच्या पोर्टमधून शिरून सुमारे दहा मिनिटांत ७५ हजारांच्या आसपास संगणक गाठले. त्याची लांबी होती फक्त ३७६ बाइट. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच दिलेली होती, लोकांनी ती बसवली नव्हती. बाहेरून यायचंच असेल तर आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खासगी वाट, घ्यावं आणि त्यातून डेटाबेसकडे जावं.

जोडणी एकदा बसली की ती वर्षानुवर्षं चालते, आणि म्हणूनच ती कशी बसवली हे सगळे विसरतात. बसवणारा मुलगा पुण्याला नोकरीला जातो, सर्व्हर बदलायची वेळ येते आणि कोणालाच काही माहीत नसतं. तेव्हा सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, डेटाबेसचं नाव, ड्रायव्हर आणि त्याची आवृत्ती, डीएसएनचं नाव आणि दालन, वाचण्यापुरत्या लॉगिनचं नाव, एवढं एका कागदावर लिहून आजच फाइलला लावा. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नका, तो मालकांकडे बंद पाकिटात द्या.